विसावी खुंटी

राजमा दवात उपटायचा असतो. ऊन चढलं की वाळलेली शेंग हात लागताच फुटते आणि दाणे मातीत सांडतात. म्हणून आमच्या तलासच्या खोऱ्यात सप्टेंबर लागला की बाया उजाडायच्या आत शेतात असतात. आताही असतात. पण मी सांगते आहे तो सप्टेंबर गावाचं सामाईक सरकारी शेत मोडल्यानंतरचा, तिसरा की चौथा. जमीन वाटून झाली होती, मेंढ्या वाटून झाल्या होत्या, ट्रॅक्टरचे तुकडे कुणाकुणाच्या अंगणात पडले होते. बालवाडीची इमारत तेवढी कुणाला द्यायची ते ठरत नव्हतं, म्हणून ती कुलूप घालून ठेवली होती.

त्या बालवाडीत मी आठ वर्षं स्वयंपाक केला. दोन खोल्या, मध्ये एक भट्टी, निळं दार. भिंतीला माझ्या मांडीइतक्या उंचीवर एक लांब लाकडी पट्टी ठोकलेली आणि तिच्यात वीस खुंट्या. प्रत्येक खुंटीवर एक चित्र: सफरचंद, बदक, छत्री, बूट. त्या वयात नाव कुणाला वाचता येतं? मूल चित्र बघून आपला टॉवेल ओळखायचं. विसावी खुंटी अगदी दाराजवळ होती आणि तिच्यावर किटली काढलेली होती. सकाळी दूध, दुपारी गरम सूप, मग सगळी रांगेनं झोपायची. त्या वेळी खोलीत असा काही श्वासांचा आवाज भरून राहायचा की मी भांडी घासायची थांबायची.

बालवाडी बंद झाली तेव्हा माझी धाकटी, जिपार, तीन महिन्यांची होती. मी शेतावर गेले. जिपार घरी राहिली, माझ्या सासूपाशी.

सासूबाईंचं नाव कालिपा. मी त्यांना आपा म्हणायची. त्या मला केलिन म्हणायच्या, म्हणजे सून. बारा वर्षांत नावानं हाक मारली नाही, पण त्यात राग नव्हता, रीत होती. माझा नवरा ताश्तान उन्हाळाभर वर कुरणात असायचा, दहा घरांच्या मेंढ्या घेऊन. बर्फानं हाकललं म्हणजे खाली यायचा. थोरली साल्तनत नऊ वर्षांची, तिसरीत. घरात असे आम्ही बायाच.

आपांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजेड कळायचा, माणूस आकारावरून कळायचं, पण जमिनीवर रांगणारं पोर त्यांना दिसायचं नाही. आणि आमच्या दारापासून वीस पावलांवर पाट होता. डोंगरावरचं बर्फ वितळून येणारं पाणी, गुडघ्याएवढंच, पण पायाखालचा धोंडा उचलून नेणारं.

म्हणून पहाटे निघताना मी जिपारला बेशिकमध्ये बांधायची. बेशिक म्हणजे आमचा लाकडी पाळणा. त्यात मूल उताणं निजवायचं, हात दोन्ही बाजूंना सरळ, पाय सरळ, आणि वरून दोन रुंद पट्टे आवळायचे, एक छातीवरून, एक गुडघ्यांवरून. तळाला भोक आणि त्याखाली मडकं, म्हणजे पोर ओलंही होत नाही. त्यात मी वाढले, ताश्तान वाढला, सगळं गाव वाढलं. पण पाळणा वर्षाच्या पोराचा असतो. माझी पोर त्या सप्टेंबरात दोन वर्षं दोन महिन्यांची होती. तिच्या टाचा खालच्या फळीला टेकायला लागल्या होत्या.

"गुडघ्यावरचा जरा ढिला ठेव," आपा म्हणायच्या. मग स्वतः चाचपून बघायच्या आणि स्वतःच घट्ट करायच्या.

शेतात आम्ही ओळीनं वाकून चालायचो. दोन झुडपं डाव्या हातात, दोन उजव्या, मुळासकट उपटायची, माती झटकायची, मागे टाकायची. दवानं बाह्या कोपरापर्यंत ओल्या व्हायच्या. बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या आणि त्यांत माती बसायची. माझ्या शेजारी सेइल असायची, माझ्याच वयाची, जिभेनं तिखट. तिची पाच वर्षांची उरूम बांधावर एका घोंगडीवर बसवलेली असायची, कमरेला दोरी आणि दोरीचं टोक बाभळीला. "माझी शेळी," सेइल म्हणायची. "दूध देत नाही एवढंच." सगळ्या हसायच्या, मीही हसायची. कुणाचं पोर खाटेला बांधलेलं, कुणाचं घरात कोंडलेलं, कुणाची मोठी मुलगी शाळेतून काढून घरी बसवलेली. साल्तनतला शाळेतून काढ, असं मला तिघींनी सांगितलं होतं. मी काढली नाही. तेवढी एक गोष्ट मी धरून ठेवली होती, आणि तिचा भार जिपारच्या पायांवर पडत होता, हे मला कळत नव्हतं असं नाही.

साडेनऊला ऊन चढलं की काम थांबायचं. मी धावत घरी यायची, पट्टे सोडायची. पट्ट्यांखाली कातडीला गुलाबी वळ असायचे. जिपार रडायची नाही. बसवली तर बसायची, उशीला टेकून. उभी केली की पाय गोळा करायची, जसं कोंबडीला उचललं की ती पाय पोटाशी घेते.

पेटीत एक दोरी होती. आपांनी पोर जन्मली त्याच महिन्यात वळलेली, काळ्या आणि पांढऱ्या लोकरीची. आमच्यात मूल पहिली पावलं टाकायला लागलं की ती दोरी त्याच्या दोन्ही पायांना आठाच्या आकड्यासारखी बांधतात. मग गावातली पोरं शर्यत पळतात, आणि जे पहिलं येईल ते दोरी कापून मुलाला हाताला धरून चालवतं. त्यानंतर ते मूल आयुष्यात अडखळत नाही म्हणतात. साल्तनतची दोरी अकराव्या महिन्यात कापली होती. जिपारच्या दोरीला कसर लागू नये म्हणून आपा तिच्यात तंबाखूचं पान ठेवायच्या, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पान बदलायच्या.

राजम्याचे ढीग शेतात वाळत पडले होते त्या दिवसांत दवाखान्याची क्लारा-एजे घरी आली; एजे म्हणजे ताई. ती आपांच्या डोळ्यांसाठी आली होती. जाता जाता तिनं जिपारला मांडीवर घेतलं, मनगटं दाबून पाहिली, नडग्या पाहिल्या, डोक्याच्या मागचा भाग पाहिला. तो सपाट झाला होता आणि तिथले केस घासून गेले होते. क्लारा-एजे माझ्याशी बोलली नाही, मनगटाशी बोलल्यासारखं बोलली. हाडं मऊ राहिली आहेत. ऊन हवं, दूध हवं, माशाचं तेल हवं, आणि सगळ्यांत आधी हिला जमिनीवर सोडा. दिवसाचे किती तास बांधता?

मी सांगितलं, सकाळचे पाच. दुपारी मळणीला गेले तर आणखी चार.

"पूर्वी मी अशी पोरं बालवाडीतल्या त्या उन्हाचं काम करणाऱ्या दिव्याखाली बसवायची," ती म्हणाली. "तिथं तेलाची बाटली असायची. एक चमचा, नाक दाबून." मग उठली. दवाखान्यातही तेव्हा काही नव्हतं, तिची पिशवी हलकी होती.

ती गेल्यावर आपांनी पाळण्याचे पट्टे गुंडाळून ठेवले. मग म्हणाल्या, क्लारा शिकलेली आहे, पण पाट तिच्या दारात नाही.

त्याच आठवड्यात खळ्यावर एसेनबेक आला. तो गावच्या कचेरीचा मुख्य होता, जाडजूड, घामट, वाईट माणूस नव्हे. आम्ही काठ्यांनी शेंगा झोडत होतो. त्यानं तालुक्याहून आलेला कागद वाचून दाखवला. बालवाडी पुन्हा सुरू करायला परवानगी आहे. एक शिक्षिका, एक स्वयंपाकीण, आणि हिवाळाभर दूध, तेल, कोळसा तालुक्याकडून. अट अशी की एक ऑक्टोबरला यादीत वीस मुलं हवीत आणि ती सगळी तपासणीच्या दिवशी हजर हवीत. दोन वर्षं पूर्ण झालेली आणि स्वतःच्या पायांनी चालणारी. अंगावरची मुलं सांभाळणारा वर्ग आता राहिलेला नाही. वीस नसतील तर इमारत गावाच्या ताब्यात. आणि गावानं काय करायचं ते एसेनबेकच्या मनात ठरलेलं होतं. राजमा विकत घेणारे व्यापारी कोरडं गोदाम मागत होते.

"किती भरतील असं वाटतं बाइके तुम्हाला?" सेइलनं काठी न थांबवता विचारलं. बाइके म्हणजे दादा.

एसेनबेक म्हणाला त्यानं मोजलीत, सोळा.

"म्हणजे तुम्ही पुरुषांनी मोजलीत," सेइल म्हणाली. "आता आम्ही मोजतो."

आम्ही मोजली. दोन नद्यांच्या मधल्या वस्तीवरची तीन एसेनबेकच्या मोजणीत नव्हती, कारण त्यांचे आईबाप परदेशी कामाला गेले होते आणि ती आजीआजोबांकडे होती. एकोणीस झाली. त्यानंतर आम्ही गावात दोन फेऱ्या मारल्या, प्रत्येक दारात विचारलं, अगदी ज्या घरात पोर नाही हे सगळ्यांना माहीत होतं तिथंही. एकोणीसच.

विसावं कोण, हे कुणी माझ्यासमोर बोललं नाही. खळ्यावर बाया बोलता बोलता माझ्याकडे बघायच्या आणि दाण्यांतला कचरा निवडायला लागायच्या.

तरी आम्ही इमारत उघडली. आमच्याकडे घर बांधायचं, छप्पर घालायचं असं कुणाचं मोठं काम निघालं की सगळं गाव हात लावतं, मजुरी कुणी घेत नाही, ज्याचं काम त्यानं जेवण घालायचं. हे काम कुणा एकाचं नव्हतं म्हणून प्रत्येकीनं आपलं जेवण आणलं. दुपारी मळणी आणि संध्याकाळी चुना. भट्टीचं लोखंडी दार कुणीतरी नेलं होतं. सेइलनं ते कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला लागलंय ते शोधून काढलं आणि कोंबड्यांसकट उचलून आणलं असं म्हणतात. खिडक्यांना प्लॅस्टिक लावलं. खुंट्यांवरची चित्रं धुळीनं काळी झाली होती, ती मी ओल्या फडक्यानं पुसली. सफरचंद, बदक, छत्री. किटलीपाशी आले तेव्हा हात जरा थांबला. मग तीही पुसली.

तपासणीला पाच दिवस राहिले होते. संध्याकाळी मी आपांना सांगितलं की उद्यापासून जिपारला बांधायची नाही. शेतात नेते, सेइलच्या उरूमसारखी बाभळीला बांधते.

त्या लोकर विंचरत होत्या. विंचरतच राहिल्या. म्हणाल्या, पोर माझ्या ओटीत तूच टाकलीस.

मी म्हटलं, टाकली. पण तिची हाडं...

"माझी काकिश तीन वर्षांची होती," आपा म्हणाल्या. हे नाव मी त्या घरात त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ताश्तानलाही माहीत नव्हतं, तो नंतर जन्मलेला. "लढाईचं वर्ष. पुरुष एक नाही गावात. आम्ही बायका तंबाखूच्या शेतावर. पोरांना बघायला एक म्हातारी, आणि म्हातारीला झोप लागायची. काकिश चालायची केलिन. फार छान चालायची. पाटापर्यंत चालत गेली." फणीत अडकलेला काडीकचरा त्यांनी बोटानं काढला. "त्यानंतर मोठ्या साहेबांनी पाळणाघर काढलं. आधी पोर बुडावं लागतं, मग खोली बांधतात. माझी बाकीची बेशिकमध्ये वाढली. चारही जगली."

मी उठून दिवा बारीक केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जिपारला उचलून पाळण्यापाशी नेलं. आपा तिथेच बसल्या होत्या, पट्टे हातात घेऊन. मी पोर निजवली. पट्टा अजून आपांच्या हातातच होता, आणि जिपारनं दोन्ही हात आपणहून अंगाशी सरळ घेतले. पाय जुळवले. हनुवटी वर केली, पट्टा गळ्याला घासू नये म्हणून. मग आढ्याकडे बघत वाट पाहत राहिली.

आपांना ते दिसलं नाही. त्यांनी हात शोधायला हात पुढे केला आणि तो त्यांना आधीच जागेवर मिळाला. त्यांनी दुसरा शोधला. तोही जागेवर. त्यांनी जिपारचा डावा हात उचलून पोटावर ठेवला. पोरीनं तो परत बाजूला नेऊन ठेवला.

आपांनी पट्टे बांधले. मी शेतावर गेले. त्या दिवशी माझ्या हातून अर्ध्या शेंगा फुटल्या असतील.

तपासणीच्या दिवशी सकाळी दव गोठलं होतं. डोंगर अर्ध्यापर्यंत पांढरे झाले होते. तालुक्याहून बाई येणार होती, नाझिरा नावाची, आणि ती आली, एका जुन्या जीपमधून, शहरी बूट, खांद्याला कातडी पिशवी, सर्दीनं लाल नाक. मी भट्टी पेटवली होती, सूप चढवलं होतं. मांस नव्हतं, राजमा घातला होता. आया पोरांना धुऊनपुसून घेऊन आल्या होत्या. एसेनबेक दारात उभा होता आणि व्यापाऱ्याचा माणूसही, हातात मोजायची टेप घेऊन. तो भिंतीची लांबी घेत होता. पोरं त्याच्या टेपवरून उड्या मारत होती.

मी घरून एकटी आले होते. आपांना सांगितलं होतं, आज तपासणी आहे. त्या हं म्हणाल्या होत्या.

नाझिरानं यादी काढली आणि मोजायला लागली. एकोणीस पोरं एका जागी उभी राहतात होय? ती बारापर्यंत यायची आणि आधी मोजलेलं चौथं पोर तेरावं होऊन समोर यायचं. तीनदा मोजलं, तीन वेगळे आकडे आले. एसेनबेक म्हणाला, एकोणीस आहेत, मी सांगतो, विसावं नाही. नाझिरानं नाक पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं, कारण स्वयंपाकिणीचा झगा माझ्या अंगावर होता. मी म्हटलं, हो, एकोणीस. तिनं लेखणीचं टोपण लावलं. मला आठवतं, ते टोपण लागल्याचा आवाज झाला.

तेवढ्यात सेइल म्हणाली, "ही कोण येतेय बघा."

पाटावर फळी टाकलेली होती, दोन वीत रुंद. त्या फळीवरून माझी सासू येत होती. एका हातात काठी, काठीनं फळीची कड चाचपत, आणि पाठीला शालीत बांधलेली जिपार. जिला जमिनीवरचं पोर दिसत नव्हतं ती बाई खळाळत्या पाण्यावरून पाठीवर पोर घेऊन येत होती. मी धावले नाही. मला वाटलं मी हाक मारली तर त्या दचकतील. सगळ्या बाया तशाच उभ्या.

फळी संपली, पाय मातीवर आले, तशी आपांनी तिथूनच विचारलं, तालुक्याची बाई कुठे आहे?

कुणीतरी म्हटलं, इथंच, समोर.

त्यांनी पाठीवरची शाल सोडली, जिपारला बालवाडीच्या पायरीवर बसवलं आणि झग्याच्या खिशातून काळी-पांढरी दोरी काढली. खाली बसून पोरीच्या पायांना बांधली, बोटांनी गाठ चाचपत. तंबाखूचं पान दोरीतून खाली पडलं.

"माझ्या नातीची दोरी राहिली आहे," त्या म्हणाल्या. "गावातली सगळी पोरं आज एका जागी आहेत. रोज कुठे असतात? तुझी मोजणीही होईल लेकी. पळताना मोज."

नाझिराही आमच्यातलीच, तिलाही दोरी काय ते माहीत होतं. तिची स्वतःची कधीतरी कुणीतरी कापलेलीच असणार. ती पायरीशी जाऊन उभी राहिली. सेइलनं एकोणीस पोरं रस्त्याच्या टोकाला, उंच पॉपलरच्या झाडाखाली नेली आणि सोडली. ती आली. कुणी पळत, कुणी पडत, एकजण मध्येच बसून बुटातला खडा काढायला लागला. नाझिरा ओठांनी मोजत होती, आणि या खेपेला आकडा चुकला नाही.

उरूम पहिली आली. बांधावर दोरीला बांधलेली पोर अशी पळते हे तोपर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. रीतीप्रमाणे दोरी तिनं कापायची. पण पाच वर्षांच्या हातात सुरा कसा द्यायचा? आपांनी मूठ पुढे धरून सुरा दिला, तो उरूमच्या डोक्यावरून नाझिराकडे. नाझिरानं पिशवी खाली ठेवली. उरूमचा हात आपल्या हातात घेतला, आणि दोघींनी मिळून दोरी कापली.

आता चालवायचं. एका बाजूनं उरूम, एका बाजूनं नाझिरा. जिपार उठली म्हणजे त्यांनी उचलली. पाय आधी पोटाशी गेले. मग हळूहळू खाली आले. बोटं मातीला लागली, टाच लागली. उजवा पाय पुढे गेला, आतल्या बाजूला वळलेला. डावा मागून ओढला गेला. तीन पावलं, चार. चौथ्याला गुडघे गेले आणि सगळा भार नाझिराच्या हातावर आला. तिचं मनगट खाली वाकलेलं मी पाहिलं.

आतून सूप उकळल्याचा आवाज येत होता.

नाझिरानं पोरीला पायरीवर बसवलं. यादी उघडली. नाव काय, विचारलं. मी सांगितलं. वय विचारलं. सांगितलं. मग ती थांबली, कारण पुढचा रकाना चालते की नाही, हा होता.

एसेनबेक खाकरला. म्हणाला, त्याला कुणाचं वाईट करायचं नाही, पण कागदावर स्वतःच्या पायांनी असं आहे. हाताला धरून चालवलेलं त्यात धरत नाहीत.

आपांनी आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "मीही काठी धरून चालते एसेनबेक," त्या म्हणाल्या. "मला गावाच्या यादीतून कधी काढलंस?"

सेइल हसली. मग बाया हसल्या, आणि एसेनबेकही हसला, काय करणार. तो घामट होता पण त्याचीही आई होती, आणि ती आपांच्या बरोबर तंबाखूवर होती.

नाझिरा हसली नाही. ती जिपारच्या नडगीकडे बघत होती. मग खाली वाकून लिहिलं, आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, विसावी, चालते. मला म्हणाली, "पहिला बर्फ पडला की मी परत येईन. तेव्हा हात सोडून चालायला हवी. नाहीतर मला खोडावं लागेल आणि मग ही सगळीच जातील. समजलं ना एजे?"

मी समजलं म्हटलं. ती दोन वाट्या सूप प्यायली आणि गेली. व्यापाऱ्याच्या माणसानं टेप गुंडाळली.

आठवड्यानं दूध आलं, तेल आलं, कोळसा आला. जिपारला मी किटलीची खुंटी दिली, ती दाराजवळची. बेशिक घडवंचीवर चढवून ठेवला. पहिले दोन दिवस ती दुपारी झोपताना हात सरळ करून वाट बघायची. मग कुशीवर वळायला शिकली. एक चमचा तेल, नाक दाबून. उन्हाच्या वेळी ओट्यावर उघड्या पायांनी. बाकीची पोरं तिच्या भोवती धावायची आणि ती पट्टीला धरून उभी राहायची, तिच्या छातीइतक्याच उंचीची पट्टी. एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर. किटली, बूट, कोंबडा. रोज एखादी खुंटी पुढे.

आणि आपा. त्या रोज सकाळी साल्तनतचा हात धरून यायच्या, पोर शाळेला जाताना त्यांना सोडून जायची. आत यायच्या नाहीत. पाटाच्या फळीपाशी घोंगडी टाकून बसायच्या, काठी आडवी धरून. कुठलंही पोर जवळ आलं की पावलांच्या आवाजावरून ओळखायच्या आणि काठी पुढे करायच्या. मी म्हणायची, आपा, दार बंद असतं, कुणी येत नाही. त्या म्हणायच्या, दार बंद करणाऱ्या म्हातारीला झोप लागते. मी तेव्हा सदतीस वर्षांची होते.

थंडी वाढली तेव्हा त्यांना आत आणावंच लागलं. दाराजवळ, भट्टीच्या बाजूला, स्टूल दिलं.

पहिला बर्फ नोव्हेंबरच्या दहा-अकरा तारखेला पडला. त्या दिवशी आम्ही वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही. रस्ता बंद झाला असं कळलं, मग उघडला असं कळलं. नाझिरा आली नाही. पोरं झोपून उठली होती, मी टॉवेल वाटत होते. जिपार पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला, सफरचंदापाशी उभी होती. तिनं आपला टॉवेल मागितला. तिचा टॉवेल इकडे किटलीवर होता, आणि मधल्या सगळ्या खुंट्यांवर पोरं लोंबकळत होती, धरायला जागा नव्हती. तिनं थोडा वेळ बघितलं. मग पट्टी सोडली आणि खोलीच्या मधून आली. आतल्या बाजूला वळलेली पावलं, दोन्ही हात बाजूला काढलेले, फळीवरून चालल्यासारखी. आपांच्या गुडघ्यांवर येऊन आदळली.

आपांनी हातांनी पोर चाचपली, डोकं, खांदे. मग तिच्या दोन्ही बाजूंना हात फिरवून पाहिला, कुणी धरलंय का ते.

"एकटी?" त्यांनी विचारलं.

"एकटी," मी म्हटलं.

"मग आता ये म्हणावं त्या बाईला."

ती कधीच आली नाही. पुढे कळलं की तिची बदली झाली होती. बालवाडी दोन हिवाळे चालली. तिसऱ्या वर्षी नवा कागद आला, त्यात वीसच्या जागी तीस होते, आणि तीस पोरं आमच्या गावात सेइलच्या मोजणीनंही नव्हती. पण मुलाची हाडं धरायला दोन हिवाळे पुरतात. त्या वेळची एकोणीस मोठी झाली. विसावी बिश्केकमध्ये दिवसभर उभं राहायचं काम करते, औषधाच्या दुकानात. जरा आत पावलं टाकून चालते. बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही, मला पाठमोरी ओळखू येते.

आपा त्या दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी गेल्या. काकिशच्या शेजारी ठेवलं. बहिणीचं थडगं कुठे आहे ते ताश्तानला तेव्हाच कळलं.

इमारत आता राजम्याचं गोदाम आहे. खालच्या खुंट्यांनी पोती फाटतात म्हणून त्यांनी पट्टी काढून टाकली. दाराजवळचा तुकडा मात्र चौकटीत अडकला होता, तो निघाला नाही. चित्र कधीच गेलं. दर सप्टेंबरात मी माझं पोतं घालायला जाते, वजन होईपर्यंत थांबावं लागतं, आत कोंदट होतं. डोक्याचा रुमाल सोडते आणि वाकून, पार खाली वाकून, त्या खुंटीला अडकवते. गोदामाचा पोरगेला मुकादम मला दर वर्षी सांगतो, आजी, वर खिळा आहे ना. मी म्हणते, असू दे.